परगावच्या कारखान्यात शिकणारे विद्यार्थी

बेळगाव-निपाणी भागातील तंत्रशिक्षण घेणारे विद्यार्थी हल्ली चौघापाचांच्या तुकड्या करून प्रत्यक्ष काम शिकावयास कारखान्यांत जातात. कोणी बेळगावच्या उद्यमबागेत, तर कोणी कागलच्या औद्योगिक वसाहतीत. कारखाना ठरला की सारे झाले, असे पुष्कळांस वाटते. वस्तुतः खरी अडचण तेथूनच सुरू होते.

निपाणीस रेल्वे नाही. सारी भिस्त महामार्गावरील बसगाड्यांवर. बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर दूर. रोज जाऊन-येऊन थकलेला मुलगा यंत्रापाशी उभा राहून शिकणार काय? कागल जवळ आहे खरे, परंतु मध्ये राज्याची सीमा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२५ मध्ये तणावामुळे दोन राज्यांमधील बसवाहतूक खंडित झाली होती.

कर्नाटकात जून २०२३ पासून स्त्रियांस सरकारी साध्या गाड्यांतून मोफत प्रवास मिळतो. मुलींचे भाडे वाचले. पण काम उशिरा सुटल्यावर राहावयाचे कोठे, हा प्रश्न उरतोच. त्याचे समाधानकारक उत्तर न मिळाल्यास घरची माणसे मुलीस पाठवीत नाहीत, आणि अंगी हुशारी असूनही तिची संधी जाते. मुलांस खोली मिळते, पण अनामत व भाडे आगाऊ भरावे लागते. गरिबाच्या मुलाने ते आणावे कोठून?

म्हणून तुकडी निघण्यापूर्वीच महाविद्यालय आणि कारखाना यांनी काही गोष्टी लेखी ठरवाव्यात. राहण्याची जागा कोणती, अनामत कोण भरणार, उशीर झाल्यास मुलींस मुक्कामी कोण पोहोचविणार, आणि गाड्या बंद पडल्यास हजेरीचे काय? एखाद्या शिक्षकाने आधी जाऊन खोली, पाणी व खाणावळ पाहून यावे. एकाच गावी जाणाऱ्या तुकड्यांनी मिळून घर घेतल्यास खर्चही विभागला जातो.

याचे दोन वस्तुपाठ जवळच आहेत. खेड्यातील मुलांस शिकता यावे म्हणून राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. लक्ष्मणराव किर्लोस्करांस बेळगाव सोडावे लागले, तेव्हा १९१० साली त्यांनी कुंडल रोडच्या माळावर कारखान्याबरोबर वस्तीही वसविली. एकाने शाळेच्या बाजूने विचार केला, दुसऱ्याने कारखान्याच्या. आज या दोन्ही बाजूंनी मिळून तो करावयाचा आहे. रात्रीच्या निवाऱ्याची काळजी मिटली, तरच विद्यार्थ्याचे मन दिवसाच्या कामात रमेल.