अंगणात कोणतं झाड लावू?



मी रायपूरच्या तेलीबांधामधून बोलतोय. नागपूरहून पूर्वेला जवळजवळ तीनशे किलोमीटर आलात की आमचं गाव. तेलीबांधा म्हणजे मुळात एक तलाव. त्याच्या कडेनं फिरायला छान रस्ता केलाय, आणि लोक त्याला चक्क मरीन ड्राइव्ह म्हणतात. संध्याकाळी मी तिथे चालायला जातो. ओळखीचं कुणी भेटलं की एक प्रश्न हमखास येतो : "काका, घर बांधून झालं. अंगणात शोभेचं कोणतं झाड लावू?"

पूर्वी मी लगेच नाव सांगायचो. आता सांगत नाही. आधी विचारतो, "अंगण किती फुटांचं आहे?" असं का, ते आज सांगतो.

१९९४ साली माझ्या वडिलांनी आमच्या फाटकाशी गुलमोहर लावला. कुंपणाच्या भिंतीपासून पाच फुटांवर. तेव्हा ते रोप माझ्या गुडघ्याएवढं होतं, पाच फूट म्हणजे भरपूर वाटले. गुलमोहर भराभर वाढतो. दोन पावसाळ्यांत तो माझ्या डोक्यावर गेला, सहाव्या वर्षी फुलला. आमच्याकडे मेच्या अखेरीस नौतपा असतो, नऊ दिवस नुसती आग. पारा पंचेचाळीसच्या आसपास. त्या दिवसांत सगळी गल्ली करपलेली आणि आमच्या दारात लाल छत्री उघडलेली! रिक्षावाल्याला पत्ता सांगायची गरज नसे. "गुलमोहरवाला घर" म्हटलं की पुरे.

पण हे झाड जितकं उंच, तितकंच आडवं पसरतं. मुळं फार खोल न जाता जमिनीलगत लांबवर धावतात. लाकूड ठिसूळ. पंधरा वर्षांनी भिंतीला तडा गेला. मग ड्रेनेजच्या चेंबरमध्ये मुळं निघाली. आणि २०१६च्या मे महिन्यात एका संध्याकाळी वादळ आलं, मांडीएवढी जाड फांदी मोडली आणि शेजाऱ्यांच्या पत्र्याच्या शेडवर पडली. त्या शेडखाली त्यांचा नातू सायकल पुसत बसायचा. त्या दिवशी तो दहा मिनिटं आधी आत गेला होता, म्हणून मी हे तुम्हाला शांतपणे सांगू शकतोय.

शेजारी भांडले नाहीत. एवढंच म्हणाले, "भैया, पेड़ तो अच्छा है, जगह गलत है।"

रीतसर परवानगी काढून झाड तोडलं. करवत चालू होती तेव्हा वडील मागच्या खोलीत पाठ करून बसले होते. संध्याकाळी म्हणाले, "झाडाचं काय चुकलं? माप माझं चुकलं."

तर मंडळी, आजच्या बोलण्याचं सार एवढंच आहे. रोप घेताना आपण फूल बघतो. बघायचं असतं ते वीस वर्षांनंतरचं झाड.

म्हणून पहिला प्रश्न जागेचा. गुलमोहर, सप्तपर्णी, कैलासपती ही मोठ्या मैदानाची, रुंद रस्त्याची झाडं. सप्तपर्णीच्या सात पानांचा झुबका सुंदर दिसतो, कबूल. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात ती फुलली की रात्री तिचा उग्र वास खिडकीतून आत येतो, आणि काहींना तो अजिबात सोसत नाही. तीस-चाळीस फुटांचं मोकळं अंगण असेल तर बहावा किंवा तामण लावा. तामण आपल्या महाराष्ट्राचं राज्यफूल. इकडे त्याला जारूल म्हणतात. मूळचं ओढ्याकाठचं झाड, त्याला पाणी आवडतं. आणि अंगण पंधरा फुटांचंच असेल तर? वाईट वाटून घेऊ नका. पारिजातक आहे, पांढरा चाफा आहे, कांचन आहे. कांचन छाटून आटोपशीर ठेवता येतो. त्याच्याच जांभळ्या भावंडाची कोवळी पानं छत्तीसगडात कोलियारी भाजी म्हणून खातात. म्हणजे शोभाही आणि ताटात भाजीही.

दुसरा प्रश्न मातीचा. आमच्या छत्तीसगडी शेतकऱ्याकडे मातीला चार नावं आहेत : भाटा, मटासी, डोरसा आणि कन्हार. भाटा म्हणजे लाल, मुरमाड, पाणी न धरणारी. कन्हार म्हणजे काळी, चिकण, विदर्भातल्या काळ्या रानासारखी. भाट्यात बहावा तग धरतो, तामण मात्र पाण्यावाचून कुढत राहते. कन्हारात पावसाळ्यात पाणी साचतं, तिथे चाफ्याची मुळं कुजतात. त्यासाठी थोडा उंचवटा करून लावायचा. तुमच्याकडे मातीचं नाव वेगळं असेल. एक सोपी परीक्षा करा. दोन फूट खड्डा खणा, पाण्यानं भरा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघा. पाणी तसंच उभं असेल तर आधी निचऱ्याचं बघा, झाडाचं नंतर.

तिसरा प्रश्न लोकांना गमतीचा वाटतो : तुम्हाला झाड कधी बघायचंय? मुलं सुट्टीत मेमध्ये घरी येणार असतील तर बहावा. थंडी सरताना घर उदास वाटत असेल तर कांचन आणि अशोक. पहाटे लवकर उठणारे असाल तर पारिजातक, कारण त्याची फुलं उजाडताना गळतात. आठ वाजता उठणाऱ्याला तो नुसता सडा दाखवतो!

अशोकावरून आठवलं. फाटकाच्या दोन्ही बाजूंना सरळ उंच, लांब लोंबत्या पानांचं जे झाड आपण लावतो आणि अशोक म्हणतो, तो खरा अशोक नव्हे. खरा तो सीतेचा अशोक. त्याची कोवळी पानं तांबूस, मऊ, लोंबणारी, आणि फुलांचे केशरी-लाल गुच्छ थेट जुन्या फांद्यांवर येतात. औषधासाठी साल ओरबाडल्यामुळे जंगलात तो विरळ होत चाललाय. सावली आणि ओल मिळाली तर घराच्या पूर्वेला तो छान वाढतो. रोपवाटिकेत नुसतं "अशोक" मागू नका, "सीता अशोक" म्हणा आणि पान बघून घ्या.

आता लावण्याबद्दल थोडं. पहिल्या दोन चांगल्या पावसांनंतर लावा. खड्डा दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. चाफ्याची फांदी लावणार असाल तर तोडल्यावर आठवडाभर सावलीत ठेवा, चीक वाळू द्या, मगच लावा. बहाव्याचं बी फार टणक असतं. ते कानशीनं थोडं घासून रात्रभर पाण्यात ठेवा. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.

आणि हात जोडून एक विनंती. बुंध्यापर्यंत फरशी बसवू नका. अंगण स्वच्छ दिसतं खरं, पण मुळांना पाणी आणि हवा मिळत नाही. राष्ट्रीय हरित लवादानं २०१३ साली दिल्लीतल्या झाडांभोवतीचं काँक्रीट एक मीटरपर्यंत काढायला सांगितलं होतं. आपल्या घरी तेवढी माती सोडायला लवादाची वाट कशाला पाहायची?

गुलमोहर गेला त्याच पावसाळ्यात आम्ही बकुळ लावली. सावकाश वाढणारी, बाराही महिने हिरवी. टेप घेऊन वडील स्वतः उभे राहिले. भिंतीपासून बारा फूट मोजले आणि म्हणाले, "हिची फुलं मी बघेन असं नाही, पण माप बरोबर आहे."

त्यांनी फुलं बघितली नाहीत. ते गेल्यानंतर दुसऱ्या वर्षी पहिला बहर आला. बकुळीचं फूल वाळलं तरी वास सोडत नाही. आमच्या देवघरात वाटीभर असतात. सकाळी शेजाऱ्यांचा तो नातू, आता कॉलेजात जातो, आजीसाठी ओंजळभर वेचून नेतो. फाटक त्याच्यासाठी उघडंच असतं.

तेव्हा उद्या रोपवाटिकेत जाण्याआधी टेप काढा आणि अंगण मोजा. भिंत कुठे, वरून विजेची तार कुठे, चेंबर कुठे, शेजाऱ्यांची खिडकी कुठे, सगळं एका कागदावर काढा. तो कागद खिशात असला की रोपवाल्याला काय विचारायचं ते तुम्हाला आपोआप सुचेल.