पडला तो कोणाचा माणूस?



या व्यासपीठावरून विद्वानांनी बोलावे असा प्रघात आहे. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढची शाळा म्हणजे बिगाऱ्यांचा नाका आणि कामगार न्यायालयाचा व्हरांडा. तेव्हा आज आम्ही एकच साधा प्रश्न आपल्यापुढे ठेवणार आहोत. बांधकामाच्या परांचीवरून गवंडी पडला, तर तो माणूस कोणाचा?

प्रश्न जुना आहे. १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज केला. त्यात रविवारची सुट्टी मागितली होती, हे आपणांस ठाऊक असेल. पण त्याच अर्जात आणखी एक मागणी होती. कामावर जखमी झालेल्यास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा, आणि कोणी जन्माचा अधू झाला तर त्याच्या पोटाची तजवीज व्हावी. त्या दिशेचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले.

या कायद्याने दोन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली ही की, मालकाची चूक शाबीत करण्याचे ओझे जखमी माणसाच्या डोक्यावरून उतरवले. अपघात कामावर असताना आणि कामामुळे झाला ना? मग भरपाई द्यावयाची. कामगार दारू प्यालेला होता, त्याने मुद्दाम नियम मोडला, अशा सबबी लहान दुखापतीत चालतात. मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले तर त्याही चालत नाहीत. दुसरी गोष्ट अशी की, ज्याचा धंदाच बांधकामाचा, त्याने काम ठेकेदाराला दिले तरी त्याची सुटका नाही. त्याने आधी भरपाई द्यावी आणि मग ठेकेदाराकडून खुशाल वसूल करावी. २०२५ च्या नोव्हेंबरात हा कायदा जाऊन सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली, पण ही दोन्ही तत्त्वे तिच्यात कायम आहेत.

१९६८ साली एक सुतार सिनेमागृहाचे नक्षीकाम करताना पडला. त्याचा डावा हात कापावा लागला. मालक म्हणाला, एकच हात गेला, अपंगत्व अर्धवट आहे. खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तेथे ठरले की एका हाताने सुतारकाम होत नाही. सुतार म्हणून हा माणूस पूर्णच निकामी झाला. शिवाय भरपाईचे देणे अपघाताच्या दिवशीच अंगावर येते, निकालाच्या दिवशी नव्हे, हेही तेथे सांगितले गेले.

कायदा इतका चांगला, तर मग अडते कोठे? आमच्याच चुकीची गोष्ट सांगतो. तीस वर्षांपूर्वी आम्ही या कामात नवखे होतो. एक बिगारी स्लॅबवरून पडून गेला. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने त्याच्या बायकोपुढे नोटांचे पुडके ठेवले आणि 'माझी काही तक्रार नाही' अशा कागदावर अंगठा घेतला. पदरात काही पडते आहे, ते पडू द्यावे, असे आम्हांला वाटले. त्या कागदावर साक्षीदार म्हणून आमची सही आहे.

पुढे कायदा वाचला तेव्हा कळले की हक्क सोडून देणारा असा करार मुळातच रद्दबातल असतो, आणि मृत्यूच्या भरपाईचे पैसे परस्पर हातावर न ठेवता आयुक्तांकडे भरावे लागत. आम्ही तिला शोधत तिच्या गावी गेलो. ती मुलांना घेऊन ऊसतोडीला गेली होती. कोठे, ते कोणाला सांगता आले नाही. दाव्याची दोन वर्षांची मुदतही उलटून गेली होती. ती सही आम्हांला अजून टोचते.

त्यानंतर असा कागद आम्ही कोणाला करू दिला नाही. पण ठेकेदारही शहाणे झाले. एका गवंड्याच्या वेळी हजेरीपुस्तकात त्याचे नावच निघाले नाही. 'तो पाहुण्याला भेटायला आला होता,' असे उत्तर मिळाले. त्या विधवेचा दावा वाचवला तो कोपऱ्यावरच्या चहावाल्याने. त्याच्या उधारीच्या वहीत रोज सकाळी या गवंड्याचा चहा लिहिलेला होता, आणि ती वही घेऊन तो न्यायालयात उभा राहिला.

मंडळी, आपल्यापैकी पुष्कळांनी घर बांधले असेल, काहींचे चालू असेल. राहण्यापुरते घर बांधणाऱ्यावर, त्याचा तो धंदा नव्हे म्हणून, कायदा कदाचित बोट ठेवणार नाही. तरी काम देण्यापूर्वी ठेकेदाराला विचारा, माणसांची हजेरी लिहिता का, विमा उतरवला आहे का? आपल्या गल्लीत परांची उभी राहिली तर वर चढणाऱ्यांची नावे विचारून ठेवा. आणि उद्या कोणी पडला, तर 'हा रोज येथे कामाला होता' एवढे सांगायला या. चहावाला एका दिवसाचा धंदा बुडवून आला होता. आपल्याकडे आमचे मागणे तेवढेच आहे.