चौकातला पॅगोडा
(मंडळाच्या सांस्कृतिक संध्येत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आमच्या चिटणीसांनी फर्मान काढलं की तुम्ही ब्रह्मदेशात जाऊन आलात, तर पंधरा मिनिटं बोला. मी काही वक्ता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो आणि वीस-बावीस वर्षं रूळ, स्लीपर आणि खडी यांच्या संगतीत काढली. तेव्हा भाषेत काही उणं-अधिक झालं तर सांभाळून घ्या.

ब्रह्मदेश म्हटलं की आपल्याला मंडाले आठवतं. सार्वजनिक गणेशोत्सवाला ज्यांनी चळवळीचं रूप दिलं, ते लोकमान्य १९०८ ते १९१४ तिथल्या तुरुंगात होते आणि 'गीतारहस्य' त्यांनी तिथेच लिहिलं. उलट ब्रह्मदेशाचा शेवटचा राजा थिबा आपल्या रत्नागिरीत नजरकैदेत राहिला आणि १९१६ साली तिथेच वारला. हे सगळं आपण ऐकलेलं आहे. मी आज बोलणार आहे ते रंगूनच्या, म्हणजे आताच्या यांगोनच्या, सुले पॅगोड्याबद्दल. पाहुणे श्वेडगॉन पॅगोडा पाहायला जातात, आणि तो भव्य आहे यात वादच नाही. पण मला भावला तो सुले.

मी २०१८ साली गेलो होतो. कोलकात्याहून विमानाने दोनेक तास. माझी सवय अशी की नव्या गावात गेलो की आधी स्टेशन पाहायचं. यांगोनचं मुख्य स्टेशन युद्धात उद्ध्वस्त झालं होतं. आताची इमारत १९५४ सालची, ऊ तिन या बर्मी वास्तुविशारदाची. वर एकावर एक चढत जाणारी देवळासारखी छपरं, खाली मीटर गेज. आपल्याकडे मीटर गेज दिसेनासा होत चालला आहे, त्यामुळे मी तिथेच बराच वेळ रेंगाळलो. घरची मंडळी वैतागली. स्टेशनाबाहेर पडून दक्षिणेकडे दहा-पंधरा मिनिटं चाललं की रस्त्याच्या मधोमध सोनेरी शिखर उभं राहतं.

मधोमध म्हणजे अक्षरशः मधोमध. बस, टॅक्सी, ट्रक सगळे त्याला वळसा घालून जातात. उंची सुमारे ४४ मीटर. स्तूप अष्टकोनी आहे, आणि विशेष म्हणजे ते आठ कोन वर घंटेच्या आकारापर्यंत आणि कळसाकडे कायम राहतात. इतर पॅगोडे वर जाताना गोल होतात. श्रद्धा अशी की आत बुद्धाचा केस आहे आणि पॅगोडा अडीच हजार वर्षांचा आहे.

आता आमच्या धंद्याची गोष्ट. लाइनच्या आखणीत देऊळ आलं की आमच्याकडे फाइल जाड होत जाते. हलवायचं की वळण घ्यायचं, पत्रव्यवहार संपत नाही. इंग्रजांनी १८५२ च्या युद्धात रंगून घेतलं आणि दलदलीच्या जमिनीवर नवं शहर आखायचं ठरवलं. ते काम बंगाल इंजिनियर्सच्या लेफ्टनंट फ्रेझरकडे आलं. त्याने सुले हलवला नाही की बाजूला टाकला नाही. तोच मध्य धरला आणि काटकोनातले रस्ते तिथून आखले. यात भक्ती होती असं मी म्हणणार नाही. सपाट, चिखलाच्या जागेत सर्व्हेला एक पक्की, लांबून दिसणारी खूण लागते, आणि ती त्याला फुकटात मिळाली असं मला वाटतं. पुढे उत्तरेकडच्या रस्त्यांचे मैलही इथूनच मोजले जाऊ लागले. आपल्या नागपूरचा झिरो माइल आठवा, म्हणजे कल्पना येईल. फरक एवढाच की या झिरो माइलला लोक फुलं वाहतात.

आणखी एक गंमत. तिथे १९७० पर्यंत आपल्यासारखीच वाहनं डावीकडून चालत. डावीकडून चालणारी गाडी चौकाला वळसा घालते तेव्हा चौक तिच्या उजव्या हाताला राहतो, म्हणजे आपोआप प्रदक्षिणा घडते. १९७० साली सरकारने एका फटक्यात सगळी वाहतूक उजवीकडे नेली. तेव्हापासून आत भाविक सुलटी प्रदक्षिणा घालतात आणि बाहेर सगळं शहर उलटी. मी हे सौ.ला मोठ्या उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "आधी रस्ता ओलांडा."

चपला काढून आत गेलं की आठ कोनांचा अर्थ कळतो. बर्मी लोक जन्मवाराला फार मानतात आणि प्रत्येक वाराची एक दिशा, एक प्राणी. वार सात आणि दिशा आठ, मग त्यांनी बुधवारचे दोन भाग केले. सकाळचा बुधवार सुळेवाल्या हत्तीचा, दुपारनंतरचा बिनसुळ्याच्या हत्तीचा, आणि त्यावर राहूचा अंमल. गुरुवारचा प्राणी उंदीर! ज्याने त्याने आपल्या वाराच्या कोपऱ्यातल्या मूर्तीवर पेल्याने पाणी घालायचं. हत्ती आणि उंदीर एकाच आवारात पाहून आम्हाला घरच्यासारखं वाटलं. वर एक छोटी सोनेरी नौकाही आहे, पक्ष्याच्या आकाराची. त्यात भक्ताची चिठ्ठी ठेवतात आणि दोरी ओढून ती कप्पीवरून स्तूपाच्या वरच्या अंगाला पोचवतात. मी चिठ्ठीपेक्षा कप्पीच जास्त पाहत होतो.

सुलेची दंतकथाही सांगतो. बुद्धाचे केस कुठे ठेवायचे ती पवित्र जागा देवांच्या राजालाही आठवेना. तेव्हा इथे राहणारा एक नात, म्हणजे राखणदार देव, एवढा म्हातारा होता की त्याच्या पापण्या झाडांचे टेकू लावून उघड्या ठेवाव्या लागत. सगळे त्याच्याभोवती जमले, आणि त्याला आठवलं. अनुभवी ट्रॅकमन निवृत्त झाला की गाळ्याखालचा नाला कुठे आहे हे सांगणारं कोणी उरत नाही, ते मला आठवलं.

पॅगोड्याच्या पायाला बाहेरून दुकानांचं कडं आहे. त्यात हात पाहणारे ज्योतिषीही बसतात. अशाच एका दुकानात सत्तरीचे एक आजोबा भेटले. आम्हाला पाहून हिंदीत बोलू लागले. त्यांचे आजोबा मद्रासकडून बंदरात कामाला आलेले. इंग्रजांच्या काळात या शहरात निम्म्याहून अधिक वस्ती भारतीयांची होती. १९४२ साली जपानी आले तेव्हा लाखो लोक डोंगर-जंगलातून चालत आसाम, मणिपूरकडे निघाले आणि वाटेत हजारो मेले. उरलेल्यांपैकी पुष्कळांना १९६२ नंतर दुकानं सरकारजमा झाल्यावर जावं लागलं. यांचं कुटुंब राहिलं. तिथल्या १९८२ च्या कायद्याने पूर्ण नागरिकत्व मिळतं ते ज्यांचे पूर्वज १८२३ पूर्वीपासून तिथले आहेत त्यांना. या आजोबांचं ओळखपत्र वेगळ्या रंगाचं होतं. त्यांनी मला विचारलं, "आप भी अपने गाँव से बाहर रहते हैं? कितनी पीढ़ी से?" मी म्हटलं, दुसरी. ते हसले आणि म्हणाले, "हमारी तीसरी है, अभी भी मेहमान हैं।"

मंडळी, आपणही इथे परप्रांतात आहोत. पण आपल्याला मंडप घालायला कोणी पणजोबांचा दाखला मागत नाही. मला ते तिथे उभं राहून प्रथमच जाणवलं.

त्याच चौकात मशीद आहे, चर्च आहे, आणि ऊ तिनचंच नगरभवन आहे. आणि तिथल्या लोकांना जेव्हा जेव्हा सरकारला काही सांगायचं असतं, तेव्हा ते इथेच जमतात. १९८८ साली जमले, गोळीबार झाला. २००७ साली भिक्षू रस्त्यावर उतरले, तेव्हा इथून जवळच केंजी नागाई हा जपानी छायाचित्रकार गोळी लागून मेला. लष्कराने सत्ता घेतल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा हाच चौक माणसांनी भरला. त्या दिवसांत टीव्हीवर तो सोनेरी कळस दिसला की मी आधी खालच्या दुकानांची रांग शोधत असे.

फोटो मागच्या टेबलावर ठेवले आहेत. स्टेशनाचे जरा जास्तच आहेत, ते पुढे सरकवले तरी चालतील. चहाही तिथेच आहे.