मातेच्या उदरातील ठेव



शाळेत हा धडा आला की आम्ही शिक्षकमंडळी खाली मान घालून तो उरकतो. आज तो सावकाश सांगतो.

मुलगी न्हातीधुती झाल्यावर तिच्या अंगी बीज तयार होते, अशी समजूत आढळते. वास्तविक ती आईच्या पोटात पाच महिन्यांची असते, तेव्हाच तिच्या अंडाशयांत साठ-सत्तर लक्ष अंडपेशी असतात. पुढे त्या झडतच जातात. जन्मतेवेळी दहा-वीस लक्ष, वयात येताना तीन-चार लक्ष उरतात. प्रत्येक पेशी आपले विभाजन अर्ध्यावर थांबवून पुटिका नावाच्या इवल्या वेष्टनात निजून राहते. कुणी बारा वर्षे, कुणी चाळीस!

दरमहा काही पुटिका वाढीस लागतात. बहुधा एकच पिकते, सुमारे २ सेंटिमीटर होते व फुटून अंडपेशी बाहेर येते. बाकीच्या विरून जातात. सबंध आयुष्यात अशा चारशे-पाचशेच पिकतात. ही पेशी जेमतेम मिलिमीटरचा दहावा हिस्सा. म्हणूनच १६७२ साली दि ग्राफ या डच वैद्याने पुटिकेलाच अंडे मानले. खरी अंडपेशी फोन बेअर यांना १८२७ साली कुत्रीच्या पुटिकेत दिसली.

तेव्हा गर्भारशीच्या पोटी मुलगी असेल, तर नातवंडांचे बीजही तिथेच असते. तीन पिढ्या एका ताटावर जेवतात म्हणा ना! आणि आमच्या घरांतून ते ताट अजून सर्वांच्या मागून, उरल्यासुरल्याचे वाढले जाते.