गरम शॉकअप, गार शॉकअप

आळंदीतून बोलतोय. मागे टाळ-मृदंग ऐकू आला तर तो एडिटिंगचा इफेक्ट नाही, शेजारच्या धर्मशाळेत भजन चालू आहे.

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मागितलेला. वाळवंटात जायचं म्हणून एसयूव्हीचं सस्पेन्शन बदलावं का, आणि बदलायचं तर नेमकं काय? मी सॉफ्टवेअरवाला, मेकॅनिक नाही. पण या प्रकरणात पैसेही घालवलेत आणि एकदा जीवही मुठीत धरलाय, तेव्हा बोलायचा थोडा हक्क आहे.

गाडी स्कॉर्पिओ-एन, डिझेल, फोर बाय फोर. २०२२ मध्ये आलेलं मॉडेल, चाकणलाच बनतं. म्हणजे आमच्या घरापासून अर्ध्या तासावर, ट्रॅफिक नसेल तर. (चाकण आणि 'ट्रॅफिक नसेल तर'. असो.) पुढे डबल विशबोन, मागे अख्खा ॲक्सल, त्याला पाच लिंक आणि वॅट्स लिंकेज. वाफेच्या इंजिनवाल्या जेम्स वॅटचीच ही कल्पना. ॲक्सल वर-खाली होताना डावी-उजवीकडे सरकू नये म्हणून ती जोडणी असते. कंपनीने दिलेले शॉकअपही साधे नाहीत. बारीक, झटपट हादऱ्यांना मऊ आणि गाडी डुलायला लागली की कडक, असे आहेत. हे सगळं मला आता माहीत आहे. तेव्हा मला एकच गोष्ट माहीत होती, जैसलमेरला जायचंय आणि गाडी उंच दिसली पाहिजे.

मग मी भोसरीकडच्या एका दुकानातून पुढच्या स्प्रिंगांवर स्पेसर बसवून घेतले. गाडी सुमारे ४० मिलिमीटर उचलली गेली. दुकानदार म्हणाला, "साहेब, आता डोंगर चढवा." फोटो भारी आले.

बाबांनी अंगणात गाडी बघितली आणि एवढंच विचारलं, "उचललीस, पण शॉकअप तेच ठेवलेस?" मी म्हटलं, "बाबा, यूट्यूबवर सगळे असंच करतात." ते काही बोलले नाहीत. इथे सांगितलं पाहिजे की आमचे बाबा निवृत्त होईपर्यंत सत्तावीस वर्षं चाकण पट्ट्यातल्या एका कारखान्यात शॉकअपच्या लाइनवर होते. शेवटची काही वर्षं टेस्टिंगला. आणि मी बीटेक.

डिसेंबरमध्ये निघालो. मी, आई, बाबा आणि मावसभाऊ. अहमदाबाद, बाडमेर करत जैसलमेर, मग सम. टेकड्यांवर जाण्याआधी टायरमधली हवा १८ पीएसआयवर आणली. वाळवंटासाठीचा सगळ्यात मोठा अपग्रेड हाच, आणि तो फुकट आहे. हवा कमी केली की टायरचा जमिनीवरचा ठसा लांब होतो, वजन पसरतं, गाडी वाळू खोदण्याऐवजी तिच्यावर चालते. फक्त मग वेग कमी ठेवायचा आणि झटकन वळायचं नाही, नाहीतर टायर रिमवरून निघतो. डांबरावर येताना परत हवा भरायची, त्यामुळे कंप्रेसर सोबत पाहिजेच.

मऊ वाळूत हळू चालताना सस्पेन्शनचा फारसा संबंध येत नाही. तो येतो टेकड्यांकडे नेणाऱ्या कच्च्या रस्त्यांवर. पत्र्याच्या पन्हळीसारखे उंचवटे असतात, एकामागून एक. तिथे शॉकअप मिनिटाला शेकडो वेळा दबतो आणि उघडतो. त्याचं कामच हे: हालचाल गिळायची आणि तिची उष्णता करायची. तेल तापतं, पातळ होतं, त्यात फेस धरतो, मग शॉकअप ढिला पडतो. गाडीवर ताबा उरत नाही.

आणि माझ्या स्पेसरने काय केलं होतं? चाकाचा वर-खाली जाण्याचा एकूण प्रवास शॉकअपच्या लांबीने ठरतो. शॉकअप तोच, गाडी ४० मिलिमीटर वर बसलेली, म्हणजे चाकाला खाली जायला तेवढीच जागा कमी. प्रत्येक उंचवट्यावरून उतरताना चाक खाली जायचं आणि शॉकअप आपल्या शेवटच्या टोकाला 'ठक्' करून आपटायचा. मला तो आवाज दणकट वाटत होता. वर ड्राइव्ह शाफ्ट सतत जास्त कोनात, आणि कॅस्टर बिघडल्यामुळे स्टिअरिंग हायवेला भटकणारं. अलाइनमेंटही केली नव्हती. आमच्या भाषेत सांगायचं तर टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनला टाकलं होतं.

परत येताना, गुजरातमध्ये शिरण्याआधी, पुढच्या ट्रकने ब्रेक मारला. मीही मारला. रस्ता थोडा उखडलेला होता. डावं चाक उड्या मारत गेलं, गाडी उजवीकडे ओढली आणि ट्रकच्या मागच्या फळीपासून हातभर अंतरावर थांबलो. आई मागच्या सीटवर होती. ती ओरडलीसुद्धा नाही, नुसती पुढची सीट धरून बसली. त्याचंच मला जास्त वाटलं.

पुढे धाब्यावर थांबलो. बाबा उतरले, चहा न घेता गाडीशी वाकले आणि पुढच्या दोन्ही शॉकअपना बोटं लावली. मग मला म्हणाले, "हात लाव." उजवा चांगलाच गरम होता. डावा गार. मला वाटलं, गार म्हणजे चांगला. ते म्हणाले, "जो काम करतो तो तापतो रे. हा मेलाय." खाली वाकून बघितलं तर नळीवरून तेल ओघळलेलं, त्यावर राजस्थानची वाळू चिकटून कणीक मळल्यासारखी झालेली.

घरापर्यंत सत्तरच्या वर गेलो नाही. त्या लांबलचक रस्त्यावर बाबांनी मला शॉकअप शिकवला. यंत्रावर लावला की वेगाप्रमाणे किती जोर लागतो त्याचा आलेख कसा येतो, दबताना कमी आणि उघडताना जास्त रोध का ठेवतात, सील कशाने फाटतं. इतक्या वर्षांत मी कधी विचारलंच नव्हतं. त्यांच्या डब्याला तेलाचा वास येतो म्हणून लहानपणी तो शाळेत न्यायचो नाही, एवढीच माझी त्या कारखान्याशी ओळख.

आता काय केलं ते. स्पेसर काढले. आधी वजनाचा हिशेब केला: चार माणसं २८० किलो, साठ लिटर पाणी ६० किलो, चाळीस लिटर जादा डिझेल साधारण ३३ किलो, तंबू-फावडं-कंप्रेसर धरून आणखी पन्नास. स्प्रिंग नेहमीच्या वजनाला बघून घ्यायची, दिसण्याला नाही. मी वर्षातून दोन वेळा एवढा भार नेतो, बाकी वेळ आळंदी ते हिंजवडी. त्यामुळे पुढच्या स्प्रिंगा कंपनीच्याच ठेवल्या, मागे किंचित कडक घेतल्या. शॉकअप चारही बदलले: मोनोट्यूब, आत दाबाखाली नायट्रोजन, म्हणजे तेलात फेस कमी धरतो, आणि एकच नळी असल्यामुळे उष्णता थेट बाहेर जाते. लांबी मूळ शॉकअपइतकीच. यात तोटाही आहे. कंपनीच्या शॉकअपचा तो बारीक हादऱ्यांचा मऊपणा गेला, मोशीच्या स्पीडब्रेकरवर आई आठवण करून देते. बंप स्टॉप आणि बुश नवे, आणि लगेच अलाइनमेंट.

उंची न वाढवण्याचं आणखी एक कारण. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघात झाला तर विमावाले काय म्हणतील तेही धरा.

मागच्या महिन्यात भीमाशंकरच्या बाजूच्या कच्च्या रस्त्यावर तासभर मुद्दाम चालवली. थांबल्यावर बाबा चारही चाकांशी जाऊन आले. मी विचारलं, "काय?"

"चारी सारखे तापलेत," ते म्हणाले, आणि चहा मागवला.