मेट्रो कधी बिंदू असते?
हैदराबाद मेट्रोच्या लाल मार्गिकेवर मियापूरहून एल. बी. नगरला निघालेली तीन डब्यांची गाडी यामिकीत चक्क एक बिंदू मानतात. 29 किलोमीटरपुढे तिची लांबी नगण्यच. पण अमीरपेटच्या फलाटाला लागताना तिला बिंदू मानून कसं चालेल? सगळी दारं फलाटासमोर यायला हवीत! गृहीतक प्रश्नानुसार बदलतं.

आता बिंदू मानलेल्या याच गाडीचा प्रवास मोजू. रुळांवरचं अंतर 29 किलोमीटर; नकाशावर सरळ रेघ ओढली तर विस्थापन सुमारे 25. मियापूरला परत आलात की अंतर 58, विस्थापन शून्य. तिकिटाचे पैसे मात्र अंतराचेच! गाडीची चाल ताशी 80 किलोमीटरपर्यंत चढते, पण 27 स्थानकं घेत पोचायला 50 मिनिटांच्या आसपास लागतात. म्हणजे सरासरी जेमतेम 35.