पट्टी आमची, तिजोरी रिकामी

(कंधार इथं तरुणांपुढं केलेलं भाषण)



मी गोदीत गोण्या उचलतो. शिक्षण मॅट्रिक. कधीमधी कविता लिहितो. अर्थशास्त्र मला माझ्या मायनं शिकवलं.

याच तालुक्यातल्या आमच्या गावात ती रहिवासी दाखला आणायला पंचायतीत गेली. "आधी घरपट्टी, पाणीपट्टी भर, मग दाखला." माय म्हणाली, "बापू, नळाला पानीच न्हाई, तर पट्टी कायची?" उत्तर मिळालं नाही. दाखलाही मिळाला नाही.

मी तवा शिव्या घातल्या. पण शिव्यांनी भागत नाही. पंचायत अशी का वागते ते समजून घ्या.

७३ वी घटनादुरुस्ती १९९३ साली लागू झाली. पंचायतीच्या अंगावर कामं पडली. पैसा मात्र वरून येतो, आणि बांधून येतो. पंधराव्या वित्त आयोगानं २०२१ ते २०२६ साठी ६० टक्के अनुदान पाणी आणि स्वच्छतेला बांधलं. उरलेल्या ४० टक्क्यांतून पगार द्यायला मनाई. २०२१ मध्ये वीजबिलं थकली, गावोगाव रस्त्यावरचे दिवे विझले. तेव्हा सरकार म्हणालं, वित्त आयोगाच्याच पैशातून बिलं भरा. मग कर्मचाऱ्याच्या पगारातला पंचायतीचा वाटा, मोटारीची दुरुस्ती कशातून? पट्टीतून. आणि पट्टी भरायच्या वक्ताला आपली माणसं ऊसतोडीला गेलेली, दाराला कुलूप. वसुली वाड्यापुढं नरमते, मायपुढं गरजते.

खरी मेख पुढंच आहे. पंचायतीनं स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे, असा नियम आहे. समजा उत्पन्न २ लाख. आपला वाटा ३० हजार. वस्तीत ६० घरं. घरामागं वर्षाला ५०० रुपये. वसुली निम्मी झाली की २५०. तेही खर्चले तर!

म्हणून कुणी म्हणेल, बुडू द्या पंचायत. नाही दोस्तहो. ज्याच्या शेतात विहीर आहे त्याला पंचायत लागत नाही. आपल्याला लागते. तिजोरी भरली पाहिजे, आणि वाड्यानंही भरली पाहिजे.

खेड्याचे गोडवे गाणाऱ्यांना बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीत चांगलंच सुनावलं होतं. तेव्हा सरपंचाच्या गोड बोलण्यावर जाऊ नका. वही मागा. ग्रामसभेत उभं राहा. नमुना ८ दाखवा म्हणा, कुणाच्या घराला किती पट्टी लावली? नमुना ९ दाखवा, थकबाकी कुणाची? नमुना ५ ची रोकडवही दाखवा, आमचे १५ टक्के कुठं खर्चले? शहरात शिकणारे, राबणारे तुम्ही, सुट्टीत गावी जाता तेव्हा एवढं कराच.

गोदीत एकेक गोणी मोजून उतरवून घेतात. आपल्या वाट्याची गोणी आजवर कुणी मोजली? आता आपण मोजू.

जय भीम!